शब्दचर्चा : ‘हार्मोनिक’ला स्वयंभू म्हणावं का?

सांगलीहून :
कॉलेजातल्या मुलांसाठी सीसाउंड आणि प्युअर डेटा या संगणकावर आवाज घडवणाऱ्या दोन सॉफ्टवेअरची मराठी टिपणं करतेय. मुलं विज्ञान शाखेची आहेत, पण निम्मी गांधर्वच्या परीक्षांनाही बसलेली. ‘सिंथेसिस’ला संश्लेषण लिहिलं की सगळ्यांना हिरवी पानं आठवतात. त्याहून मोठी अडचण ‘हार्मोनिक’ची, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या, त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा वारंवारतेच्या स्वरांची. संगीतशास्त्राच्या पुस्तकात दोन शब्द सापडतात, स्वयंभू स्वर आणि सहायक नाद. कुठला घेऊ? शिवाय सस्टेन, नॉइज आणि पॅच यांनाही काही सुचवा.

कराडहून :
संश्लेषण नकोच. ‘कृत्रिम ध्वनी’ तर त्याहून नको, त्यात ऐकायच्या आधीच नाक मुरडलेलं असतं. ‘ध्वनिनिर्मिती’ म्हणा, किंवा सरळ सिंथेसिस. हार्मोनिकला स्वयंभू बेस्ट. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा गंधार कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

मिरजेहून :
ताई, स्वयंभू सरसकट लावू नका. आमच्याकडे तंतुवाद्यांचं काम चालतं, मी स्वतः संगणकावरही खटपट करतो, म्हणून दोन्हीकडून सांगतो.

सीसाउंडमध्ये तुम्ही साइन लहरी एकावर एक रचता तेव्हा कोणता स्वर किती जोरात हवा, ते आकडे तुम्हीच टाकता. मूळ स्वर 1, दुसरा 0.5, तिसरा 0.33, असं. पाचवा घातला नाही तर गंधार येणार नाही, कितीही कान लावा. मग त्यात स्वयंभू ते काय राहिलं? तिथे ‘सहायक नाद’ बरोबर बसतो. हाताखाली माणसं नेमल्यासारखे आपण ते नेमलेले असतात.

याउलट एफएम, म्हणजे फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशनची पद्धत घ्या. स्टॅनफर्डला जॉन चौनिंग यांना ती 1967 मध्ये सापडली, लेख 1973 मध्ये आला आणि यामाहाचा डीएक्स-7 हा कीबोर्ड 1983 मध्ये. या पद्धतीत दोनच ऑसिलेटर, म्हणजे लहर काढणारे भाग, पुरतात. 200 हर्ट्‌झच्या लहरीची वारंवारता दुसऱ्या, 100 हर्ट्‌झच्या लहरीनं हलवायची. मग 100, 300, 400, 500 अशी रांगच्या रांग उभी राहते. ते आकडे आपण कुठंच लिहिलेले नसतात. याला मी बिनदिक्कत स्वयंभू म्हणेन.

म्हणून दोन्ही शब्द ठेवा. एक रचलेल्यांना, दुसरा उपजलेल्यांना. आपल्या जुन्या पुस्तकांनी दोन शब्द देऊन ठेवलेत, एक कशाला फेकायचा?

कराडहून :
पटलं. पण पुस्तकात हे दोन्ही समानार्थीच आहेत ना? हा भेद तुम्ही नवा घालताय.

मिरजेहून :
हो, नवाच घालतोय. पुस्तकं लिहिली तेव्हा एकेक नाद सुटा घालता येईल अशी सोय आपल्याकडे सर्रास नव्हती. संगणकावर ती मॅक्स मॅथ्यूज यांनी 1957 मध्ये बेल लॅबमध्ये ‘म्युझिक’ हा प्रोग्राम लिहिला तिथून सुरू झाली. त्याच घराण्यातलं एमआयटीच्या बॅरी व्हर्को यांचं सीसाउंड. प्युअर डेटाचे कर्ते मिलर पकेट, आणि त्यांच्या आधीच्या ‘मॅक्स’ या सॉफ्टवेअरला नावच मॅथ्यूज यांचं आहे.

साताऱ्याहून :
मी भौतिकशास्त्र शिकवतो. मिरजकरांच्या बाजूनं एक पुरावा. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलंय. नियम असा की तार जिथं छेडली तिथं ज्या हार्मोनिकचा स्थिर बिंदू (त्या कंपनात तार हलत नाही ती जागा) येतो, तो हार्मोनिक त्या आवाजात नसायला हवा. बरोबर मधोमध छेडलीत तर वरचा षड्ज गायब व्हावा. तानपुऱ्यात तसं होत नाही. घोडीचा वक्र पृष्ठभाग आणि त्याच्याशी तारेचं होणारं घासणं यांमुळे नसायला हवेत ते स्वरही उमटतात. जवारी, म्हणजे तानपुऱ्याचा तो झणझणता गुंजारव, काढणारा कारागीर घोडीवर कानस फिरवतो आणि तारेखालच्या दोऱ्याची जागा मागेपुढे करतो, ते याच्याचसाठी. छेडण्यानं दिलेलेच नाहीत असे स्वर! स्वयंभू हा शब्द याहून नेमका कुठे लागणार?

सांगलीहून :
सर, मग संगणकावर तार कशी करतात? टिपणात एक उदाहरण हवंच आहे.

साताऱ्याहून :
कार्प्लस-स्ट्राँग पद्धत द्या, 1983 ची. दहा ओळींत होते. काळी एकचा षड्ज, मंद्रातला, म्हणजे सुमारे 138.6 हर्ट्‌झ. सेकंदाला 44100 नमुने धरले तर एका आवर्तनात साधारण 318 नमुने मावतात. तेवढ्या लांबीच्या रांगेत नुसती खरखर भरायची आणि ती गोल फिरवत ठेवायची. दर फेरीला शेजारच्या दोन नमुन्यांची सरासरी घ्यायची. सरासरीनं बारीक, झटपट चढउतार आधी पुसले जातात, म्हणजे वरचे स्वर लवकर विझतात आणि खालचे रेंगाळतात. ऐकताना छेडलेली तार वाटते. जवारी मात्र यात नाही, त्यासाठी घोडीचं घासणं वेगळं घालावं लागतं आणि ते काम कटकटीचं आहे.

यातच तुमच्या ‘नॉइज’चंही उत्तर आलं. गोंगाट बाजारात असतो. ही रेडिओची खरखर.

मिरजेहून :
सस्टेनबद्दल कुणी ‘आस’ सुचवायच्या आत सांगतो, फसू नका. एन्व्हलपच्या, म्हणजे आवाजाच्या चढउताराच्या आराखड्याच्या, चार भागांत अटॅक (चढ), डिके (उतार) आणि रिलीज (सोडल्यावरचं विझणं) या वेळा आहेत. सस्टेन ही वेळ नाही, ती पातळी आहे. कीबोर्डची पट्टी दाबून धरली आहे तोवर आवाज किती राहील, एवढंच ती सांगते. पेटीला ती असते, भाता हलता ठेवला की झालं. सतारीला ती शून्य. छेडल्यावर तार लगेच उताराला लागते आणि त्या उताराचं लांबणं म्हणजे आस. म्हणून आस डिकेकडे द्या, सस्टेनला ‘टिकाव’ पुरे. अटॅकला आघात आहेच.

कराडहून :
आणि पॅचला ठिगळ म्हणू नका, एवढी कृपा करा. पडद्यावरच्या चौकटी तारांनी जोडायच्या असतात, ‘जोडणी’ म्हणा. फिल्टरला गाळणी. त्यावर चर्चा नको.

वाईहून :
विश्वकोशाच्या गावचा म्हणून एवढंच, टिंबरला नवा शब्द पाडू नका. ‘नादाची जात’ प्रवेशिकेच्या मुलालाही ठाऊक आहे.

सांगलीहून :
सगळ्यांचे आभार. एक राहिलं. सर ‘नमुने’ म्हणाले, पण मुलं ‘तानपुऱ्याचं सॅम्पल’ म्हणतात तेव्हा त्यांना रेकॉर्ड केलेला तुकडा अभिप्रेत असतो. दोन्हीला इंग्रजीत एकच शब्द.

मिरजेहून :
वापरात आपोआप वाटणी झालीये, ती तशीच राहू द्या. सेकंदाला 44100 असतात ते नमुने. दुकानात इलेक्ट्रॉनिक तानपुरा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक ज्याबद्दल ‘आवाज खऱ्या तानपुऱ्याचा भरलाय का?’ विचारतं, ते सॅम्पल. फक्त टिपणाच्या पहिल्या पानावर हे लिहून टाका, नाहीतर परीक्षेत कुणीतरी तानपुऱ्याचे 44100 तुकडे करेल.