इंग्रजीच्या तासाला 'हाइन्झने चोरी करावी का?' हे विचारावं का?

पूर्वभागातल्या_बाई

सोलापूरच्या पूर्व भागात मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड किंवा उर्दू. शाळेतली मराठी हीच त्यांची दुसरी भाषा, इंग्रजीचा नंबर त्यानंतर. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी, अशी घरं. ही मुलं रिकाम्या जागा भरतात, पत्राचा नमुना पाठ करतात, पण बोलायला उभं केलं की दोन वाक्यांत खाली बसतात. सगळे म्हणतात, शब्दसंग्रह कमी. मला वाटतं, बोलावंसं वाटेल असं आपण त्यांच्यापुढे काही ठेवतच नाही. 'माझा आवडता सण' या विषयावर कोण कुणाशी वाद घालणार?

म्हणून मी नैतिक पेच घेते. सुरुवात लॉरेन्स कोलबर्गच्या हाइन्झपासून. हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, १९५८ च्या प्रबंधापासून मुलांच्या नैतिक विचारावर काम करणारा. हाइन्झची बायको कॅन्सरने मरणाच्या दारात आहे. औषध एकाच माणसाकडे. त्याला खर्च आला २०० डॉलर, तो मागतो २०००. हाइन्झने उसनवारी करून १००० च्या आसपास जमवले. औषधवाला ना किंमत कमी करतो, ना उधार देतो. हाइन्झ दुकान फोडतो. बरोबर केलं का?

कोलबर्गला उत्तर हो आहे की नाही यात फारसा रस नव्हता, त्याला कारण हवं होतं. मलाही तेच हवं. 'बिकॉज' म्हटल्यावर मुलाला पुढे काहीतरी बोलावंच लागतं. 'इफ आय वेअर हाइन्झ, आय वुड...' ही रचना एरवी फळ्यावर लिहून वाळून जाते, इथे मुलं ती मागून घेतात.

आधी चौघाचौघांच्या गटात हव्या त्या भाषेत बोलायचं. मग फळ्यावरची सुरुवातीची वाक्यं घेऊन इंग्रजीत. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत सांगायचं, मगच खोडायचं. माझं ठाम मत आहे की हे प्रत्येक हायस्कुलात व्हायला हवं. विरोध असेल तर जरूर मांडा.

निवृत्त_मास्तर_बाळे

बाई, तुमची तळमळ पोचली, पण मी विरोधात आहे. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, म्हणून सांगतो. मुलाच्या मनात गुंतागुंतीचा विचार असतो आणि हाताशी इंग्रजीची चार वाक्यं. तो 'स्टीलिंग इज बॅड' म्हणतो, कारण तेवढंच त्याला म्हणता येतं. वर्ग समजतो की याची समज एवढीच. पुढे पुढे त्या पोरालाही तसंच वाटू लागतं. ज्या भाषेत मूल रडतं-भांडतं त्या भाषेत नीतीचा विचार व्हावा. इंग्रजीच्या तासाला इंग्रजी शिकवा, पेच मराठीच्या तासाला आम्ही घेऊ.

आणि त्यासाठी अमेरिकेला कशाला जायचं? कर्णपर्वात कौशिकाची कथा आहे. सत्यच बोलायचं असं त्या तपस्व्याचं व्रत. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसं रानात लपली. दरोडेखोरांनी त्याला विचारलं, त्याने खरं सांगितलं, माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. श्रीकृष्ण ही गोष्ट अर्जुनाला सांगतो, कारण 'गांडीव दुसऱ्याला दे' म्हणणाऱ्याला मारीन या आपल्या प्रतिज्ञेपायी अर्जुन थेट युधिष्ठिरावर तलवार उपसून निघालेला असतो. याहून मोठा पेच कुठला हवा?

जुळे_सोलापूर_पालक

मुलगी दहावीला आहे. लेखी ८० आणि अंतर्गत २०, हे गणित आम्हाला चुकवता येत नाही. पेचांवर तास गेले तर भाग कोण पुरा करणार? शिकवणीला पुन्हा पैसे आम्हीच भरायचे. दुसरं म्हणजे असल्या चर्चेत घरच्या गोष्टी बाहेर येतात. कुणाच्या वडिलांनी कर्ज बुडवलेलं असतं, कुणाच्या घरात दारू असते. चाळीस मुलांसमोर ते निघालं तर त्या लेकराने उद्या वर्गात यायचं कसं?

मानसशास्त्र_शिकवणारा

मास्तरांच्या बाजूने एक भक्कम पुरावा देतो. अल्बर्ट कोस्टा आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा अभ्यास आहे. रुळांवर पाच माणसं आहेत, गाडी भरधाव येतेय, पुलावर तुमच्याशेजारी एक जाडजूड माणूस उभा आहे. त्याला ढकललं तर गाडी थांबेल आणि पाच वाचतील. ढकलाल का? हा प्रश्न परक्या भाषेत विचारला तेव्हा 'ढकलू' म्हणणाऱ्यांचं प्रमाण मातृभाषेतल्यापेक्षा स्पष्टपणे वाढलं. नुसता खटका ओढून गाडी दुसऱ्या, एका माणसाच्या रुळावर वळवायची, या सौम्य प्रकारात मात्र भाषेने फरक पडला नाही. त्या संशोधकांचा अंदाज असा की परक्या भाषेत भावनेची धग कमी पोचते. म्हणजे बाईंच्या वर्गात इंग्रजीतून जे उत्तर येतं ते त्या मुलाचं मानायचं की भाषेचं?

पूर्वभागातल्या_बाई

मास्तर, तुमचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, म्हणून आधी त्याला उत्तर देते. 'स्टीलिंग इज बॅड'वर मूल अडकतं, कारण त्याला शब्द दिलेले नसतात. वचन, नुकसान, हक्क, नाइलाज, जबाबदारी, न्याय यांचे इंग्रजी शब्द आदल्या दिवशी घेतले, उच्चार पक्के केले, की दुसऱ्या दिवशी तेच मूल दोन पायऱ्यांचं वाक्य करतं. तरी अडलं तर तो एक शब्द तेलुगूत म्हणायचा आणि पुढे जायचं. विचार थांबवायचा नाही, हा आमच्याकडे नियमच आहे. विचार मातृभाषेत आणि इंग्रजी कोरडी, अशी वाटणी केली की इंग्रजीत फक्त अर्ज आणि निबंध उरतात. मग मोठेपणी ही मुलं इंग्रजीत कुणाशी असहमत कशी होणार?

तुमचा कौशिक आमच्या वर्गात आहेच, फक्त गल्लीतला आहे. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. शेजारच्या काकू नळाला थेट मोटार लावतात, पुढच्या घरांना धार येत नाही. काकूंची सासू अंथरुणाला खिळलेली, धुणं रोजचं. मोटारी जप्त करणारं पथक गल्लीत येऊन तुलाच विचारतंय, 'कुणाकडे मोटार आहे?' सांगशील? पाण्यासाठी रात्री जागलेलं मूल इथे गप्प बसूच शकत नाही. शेवटच्या घरातल्या मुली आणि मोटारवाल्या घरातली मुलं यांच्यात जे इंग्रजी ऐकू येतं, ते कुठल्याच गाइडात नाही.

कोस्टांचा अभ्यास मी माझ्या बाजूचा मानते. म्हणूनच मत दोनदा घेते, गटात बोलून झाल्यावर एकदा आणि इंग्रजीत चर्चा झाल्यावर पुन्हा. बदललं असेल तर का बदललं, हे मुलांनीच शोधायचं. भाषेने आपला निवाडा हलू शकतो, हे पंधराव्या वर्षी कळलं तर त्यात तोटा काय?

आणखी एक. हाइन्झवर आमची मुलं हमखास म्हणतात, 'मॅडम, गल्लीत वर्गणी काढायची की ओ!' पुष्कळ शिक्षक हे उत्तर बाद करतात, चोरी हो की नाही एवढंच सांग म्हणतात. कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये कोलबर्गवर टीका केली ती याच ठिकाणी. नियम आणि हक्कांची तोलामापी न करता माणसांची नाती सांभाळून वाट काढणं हाही पुरता नैतिक विचार आहे, असं त्यांचं म्हणणं. वर्गणीचं उत्तर आलं की मी म्हणते, छान, आता वर्गणी मागायचं भाषण इंग्रजीत कर.

मागावरचा_पोरगा_पुण्यात

मी याच भागातला, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. बाईंना पूर्ण पाठिंबा. मीटिंगमध्ये चुकीचं काही ठरत असतं, मला दिसत असतं, आणि मी 'ओके' म्हणतो. धीर नाही असं नाही, मराठीत मी कुणाचंही तोंड बंद करतो. पण 'तुमचा मुद्दा कळला, तरी मला पटत नाही, कारण...' हे इंग्रजीत नम्रपणे म्हणायचा सराव शाळेत कधी झालाच नाही.

निवृत्त_मास्तर_बाळे

मोटारीचा पेच आवडला. पण एक सांगा. निम्म्या वर्गाने चोरी योग्य ठरवली, की तास संपला म्हणून तुम्ही निघता का? शिक्षकाने काही सांगायचंच नाही, हे मला मान्य नाही. सगळ्यांचं सगळं बरोबर, असा संस्कार घेऊन मूल घरी जाऊ नये. उद्या कुणी म्हणेल, हुंडा घ्यावा का यावरही दोन बाजू मांडा.

पूर्वभागातल्या_बाई

हुंडा वर्गात वादाला ठेवणार नाही. जातीवरून कुणाला वेगळं बसवावं का, मुलीची शाळा सोडवावी का, हेही नाही. तिथे पेच नाहीच, सरळ अन्याय आहे, आणि तो अन्याय आहे असं मी स्पष्ट सांगते. कुठलीही वाट धरली तरी काहीतरी जपण्यासारखं हातचं जातं, तेव्हाच मी त्याला पेच म्हणते. पेच निवडणं हीच या कामातली खरी मेहनत आहे. माझं मत मी दुसऱ्यांदा मतं घेऊन होईपर्यंत सांगत नाही, त्यानंतर विचारलं तर कारणासकट सांगते.

पालकांची घरच्या गोष्टींची काळजी अगदी रास्त आहे. म्हणून पेचातलं माणूस कायम कल्पित असतं. 'तुझ्या घरी काय होतं' हा प्रश्न वर्गात चालत नाही, मुलांनी एकमेकांनाही विचारायचा नाही. कर्ज आणि दारूचे पेच मी घेतच नाही.

जुळे_सोलापूर_पालक

हे पटलं. गुणांचं राहिलं.

पूर्वभागातल्या_बाई

अंतर्गत २० मध्ये बोलणं-ऐकणं येतंच. लेखीसाठी व्ह्यू-काउंटरव्ह्यूचा सराव सगळेच करून घेतात, आणि ज्या मुलाने वर्गात खरोखर भांडून प्रतिमत मांडलंय त्याला तयार मुद्द्यांवर विसंबावं लागत नाही. रोज नाही घेत मी हे. पंधरवड्याला एक तास पुरतो, भागही पुरा होतो.

निवृत्त_मास्तर_बाळे

माझा विरोध निम्म्यावर आला, पण उरलाय. पट साठचा, तास पस्तीस मिनिटांचा. बोलणारी तीच सहा पोरं. बाकी चोपन्न ऐकून घरी जाणार.

पूर्वभागातल्या_बाई

म्हणूनच अख्ख्या वर्गासमोर वाद ठेवत नाही, सर. दोन रांगा समोरासमोर, प्रत्येकाला समोर एकच जोडीदार, दोन मिनिटं बोलायचं, मग एक रांग एका जागेने सरकते. तिसऱ्या जोडीदाराशी बोलताना तेच वाक्य बरंच सुटसुटीत येतं. गोंगाट प्रचंड होतो, शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवावं लागतं. जी मुलं तरीही बोलत नाहीत त्यांनी कारण एका ओळीत इंग्रजीत लिहून द्यायचं. पुढच्या वेळी त्यांची ओळ नाव न घेता मी वाचते आणि वाद तिथून सुरू करते.

निवृत्त_मास्तर_बाळे

रांगा सरकवायला बाकं हलवावी लागतात, जुन्या इमारतींत ती जमिनीला ठोकलेली असतात. व्हरांड्यात घ्या. आणि कौशिक आधी मराठीत मी घेतो, नंतर मोटार इंग्रजीत तुम्ही घ्या. आठवड्याभराच्या अंतराने घेऊ. दोन्हीकडे मुलं तेच बोलतात का, एवढं पाहू.