4 फुटी टँकमध्ये व्लामिंगी टँग चालेल का? नागपूरचा उन्हाळा धरून सांगा

बेसा_खारंपाणी

नमस्कार मंडळी. माझा 4 बाय 2 बाय 2 फुटांचा मरीन टँक आहे, साधारण 450 लिटर, खाली सम्प (फिल्टरची टाकी), स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) चांगला आहे, चालू करून 14 महिने झाले. फिश ओन्ली, प्रवाळ नाहीत. आत्ता क्लाउन माशांची जोडी आणि दोन फायरफिश आहेत, सगळे मस्त खाऊन राहिले. मागच्या आठवड्यात कामानिमित्त मुंबईला गेलो होतो तर एका दुकानात व्लामिंगी टँगचं (टँग म्हणजे शेपटीजवळ पाती असलेला समुद्री मासा) पिल्लू दिसलं, चार इंचाचं असेल, तपकिरी अंगावर निळ्या बारीक रेघा, आणि दुकानदाराने नोरीचा (सुक्या समुद्री शेवाळाचा) तुकडा टाकला तर दोन सेकंदात अंगावर निळा रंग असा चढला की मी तिथंच उभा राहिलो. मुलीला व्हिडिओ कॉलवर दाखवला, ती तेव्हापासून रोज विचारते पप्पा कधी आणता. दुकानदार म्हणतो मासा टँकच्या मापातच वाढतो, काळजी करू नका, आणि पुढेमागे 6 फुटी करा. मला खरंच आणायचा आहे पण आणून मारायचा नाही. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नाही, दोन फॅन आहेत सम्पवर. कोणी मोठा टँग पाळला असेल तर स्पष्ट सांगा.

मनीषनगर_रीफ

भाऊ, नका आणू. स्पष्ट सांगा म्हणालात म्हणून आधी उत्तर देऊन मोकळा झालो, आता कारण सांगतो.

व्लामिंगी 60 सेंमीपर्यंत वाढतो, म्हणजे 2 फूट. तुमच्या टँकची रुंदीच 2 फूट आहे, मोठा झाल्यावर त्याला नीट वळायलासुद्धा जागा नाही. मासा टँकच्या मापात वाढतो हे मी पंधरा वर्षांपासून ऐकून राहिलो, प्रत्यक्षात काय होतं तर जागा कमी आणि पाणी खराब म्हणून त्याची वाढ खुंटते, मासा पोट खपाटीला गेलेला दिसतो आणि मग मरतो, आणि लोक म्हणतात बघा लहानच राहिला.

हा मासा खडकाच्या आडोशाने राहणारा नाही, रीफच्या (प्रवाळ खडकांच्या) उताराबाहेर मोकळ्या पाण्यात पोहणारा आहे, मोठा झाल्यावर पाण्यात तरंगणारे बारीक जीव खातो. क्लाउन चार फुटांत आयुष्य काढतो कारण समुद्रातही तो आपल्या ॲनिमोनपासून (ज्याच्या आसऱ्याला राहतो तो समुद्री जीव) फार लांब जात नाही. याचं तसं नाही. याला लिटर किती यापेक्षा सरळ लांबी किती ते महत्त्वाचं. माझ्या मते 8 फुटांच्या खाली व्लामिंगीचा विचारच करू नये, 8 बाय 2.5 बाय 2.5 म्हणजे 1400 लिटर, नुसतं पाणीच चौदाशे किलोच्या वर, फ्लॅटमध्ये राहत असाल तर आधी स्लॅबचं इंजिनिअरला विचारावं लागेल.

आणि पुढेमागे 6 फुटी करू हे जे आहे ना, ते मी स्वतः केलं. नासो एलेगन्स, व्लामिंगीचाच भाऊबंद, आणला पाच इंचाचा, ठरवलं वर्षभरात मोठा टँक. मग घरात लग्न निघालं, मग बदलीचं चालू झालं, टँक राहिला तिथंच. तोवर मासा फूटभर झाला, दिवसभर काचेला लागून एकाच रेषेत इकडून तिकडे, तोंडाचा पुढचा भाग घासून पांढरा पडला होता. शेवटी पुण्याच्या एकाला मोठा टँक होता त्याच्याकडे पाठवला. पकडताना जाळी वापरली ती दुसरी चूक. शेपटीच्या देठाला याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पक्क्या पात्या असतात, आडव्या, ब्लेडसारख्या, त्या जाळीत अडकल्या, सोडवायला हात घातला तर तर्जनीला दोन टाके. जाळी नका वापरू, प्लास्टिकच्या डब्यात हाकलून घ्यायचा.

सक्करदरा_ॲक्वा

माझ्याकडे 4 फुटीत सोहल टँग आहे, एक वर्ष झालं, काही प्रॉब्लेम नाही, खातो पितो. सगळे उगाच घाबरवतात, पाणी चेंज वेळेवर करा बस.

मनीषनगर_रीफ

सक्करदरा भाऊ, रागवू नका, पण एक वर्ष म्हणजे या माशासाठी काहीच नाही. टँगांच्या कानातल्या हाडांच्या कडा झाडाच्या वलयांसारख्या मोजून वय काढतात, काही जातींचं वय 30 वर्षांच्या पुढे भरलेलं आहे. सोहल लाल समुद्रातला, 40 सेंमी होतो, तिथं स्वतःचा शेवाळाचा पट्टा राखतो आणि कोणालाच फिरकू देत नाही. तुमचा आत्ता किती इंच आहे? आणि सोबत दुसरा मासा आहे का?

सक्करदरा_ॲक्वा

6 इंच. सोबत डॅमसेल मासे होते दोन, आता नाहीत.

धरमपेठ_मीनल

मी उन्हाळ्यावर लिहिते कारण त्याची किंमत मी मोजली आहे. माझ्याकडे पावडर ब्लू टँग होता, आपल्या लक्षद्वीपकडचाच मासा, तळव्याएवढा, दोन वर्षं सांभाळला. चिलर होता, पाणी 26 वर. नवतप्यातली (उन्हाळ्यातल्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांतली) रात्र, ट्रान्सफॉर्मर गेला. इन्व्हर्टरवर चिलर ओढत नाही, चालू होतानाच ट्रिप करतो, आणि मी तेव्हा वेव्हमेकरसुद्धा (पाणी हलवणारा पंप) इन्व्हर्टरवर घेतलेला नव्हता, घरातले पंखे तेवढे होते. चार वाजता उठून टॉर्च मारला तर तो वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या कडेला तोंड लावून, रंग पूर्ण उडालेला, राखाडी, आणि कल्ले इतक्या भराभर हलत होते की मोजता येईनात. थर्मामीटर 31. क्लाउन मात्र खाली नेहमीसारखेच. साडेपाचला तो गेला.

नंतर कळलं की नुसता गरमपणा मारत नाही, ऑक्सिजन मारतो. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा आधीच कमी ऑक्सिजन धरतं, 25 डिग्रीला लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास, 30 ला सव्वासहा, आणि पंप बंद पडला की तेवढाही राहत नाही कारण मासे ओढतच असतात. टँग दिवसभर पोहणारे मासे, जिथं लाटा फुटतात तिथले, त्यांना सर्वांत आधी कमी पडतो. म्हणून करंट गेल्यावर पहिली गोष्ट थंड करायची नाही, पाणी हलवायची. बॅटरीवरचा एअर पंप घरात चार्ज करून ठेवा, वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घ्या. बर्फाच्या बाटल्यांवर भरवसा ठेवू नका, एक लिटरची बाटली साडेचारशे लिटरमध्ये जेमतेम पाव डिग्री उतरवते.

तुमचे सम्पवरचे फॅन मे महिन्यात चांगले चालतील, हवा कोरडी असते, आपल्या कूलरचंच गणित आहे. पण जूनच्या शेवटी पाऊस लागला की जसा कूलर नुसता दमट वारा फेकतो तसेच तेही निकामी. आणि मे महिन्यात फॅनमुळे माझ्याकडे रोज दहा लिटर पाणी उडत होतं, ते भरताना मिठाचं पाणी टाकायचं नाही, मीठ उडत नाही, साधं आरओचं टाकायचं. आपल्या घरच्या आरओत चवीसाठी कच्चं पाणी मिसळायचा नॉब असतो तो पूर्ण बंद करा, माझ्याकडे टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 60 येत होता आणि शेवाळ का वाढतंय म्हणून मी सहा महिने शोधत होते.

तेलंगखेडी_मत्स्य

ताईंनी उन्हाळ्याचं लिहिलंच. मी मत्स्यविज्ञानचा विद्यार्थी आहे, इथंच तेलंगखेडीच्या कॉलेजला. रोगाबद्दल सांगतो. टँगना मरीन इच (परजीवीमुळे होणारा रोग) लवकर पकडतो, अंगावर रव्याचे दाणे चिकटल्यासारखे दिसतात. तीन-चार दिवसांनी दाणे गायब झाले की लोक बरा झाला समजतात, पण तो परजीवी गळून तळाला, काचेला गाठ करून बसलेला असतो आणि तिथून शेकड्याने बाहेर पडतो. औषध म्हणजे कॉपर (तांबं) लागू पडतं फक्त त्या मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांना, अंगावरच्या दाण्याला नाही, म्हणून महिनाभर पातळी टिकवून ठेवावी लागते आणि रोज टेस्ट किटने मोजावी लागते. मेन टँकमध्ये कॉपर कधीच टाकू नका, दगड शोषून घेतात आणि पुढे गोगलगाय, झिंगा तिथं जगत नाही. कुठलाही नवा मासा वेगळ्या टँकमध्ये महिनाभर.

आणखी एक, कोणी खरा लाइव्ह रॉक (समुद्रातून काढलेला प्रवाळाचा दगड) स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नका. रीफ बनवणारे प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, वाघाच्याच यादीत. सिरॅमिक रॉक वापरा.

बेसा_खारंपाणी

सगळ्यांचे मनापासून आभार. मीनल ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. व्लामिंगी कॅन्सल. दुकानदाराला फोन करून सांगितलं. मुलीला टेप घेऊन बसवलं आणि टँकच्या आत 2 फूट मोजून दाखवले, तिनेच विचारलं मग तो वळणार कसा. चिलर याच महिन्यात घेतो, आधी बॅटरी पंप. आता 4 फुटांत आयुष्यभर राहील असा एखादा टँग आहे का, की टँगचं नावच काढू नये?

मनीषनगर_रीफ

आहे ना भाऊ. कोले किंवा टोमिनी, दोन्ही ब्रिसलटूथ (ब्रशसारख्या दातांचे छोटे टँग), टोमिनी 15 सेंमीच्या आसपासच थांबतो, कोले 18. माझ्या मते 4 फुटांत टोमिनी चालेल. काचेवरचं बारीक शेवाळ दिवसभर ओरबाडत असतो, काचेवर ओठांचे ठसे उमटतात ते मुलीला फार आवडतील. तरी नोरी रोज क्लिपला लावायची, बिनमिठाची, बिनतेलाची, खाऊची भाजलेली मसालेवाली नाही. पण चिलर बसू द्या, पावसाळ्याचा एक महिना टँक 26-27 वर स्थिर राहतो का बघा, मग आणा. क्वारंटाइनला माझा जुना 2 फुटी टँक पडून आहे, रविवारी येऊन घेऊन जा.