साथीच्या दिवसांत घरात नक्की काय पाळलंत?

आषाढ संपत आलाय, पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि कर्वेनगरच्या आमच्या घरात तिसरं माणूस आडवं झालंय. आधी मुलगा, मग बायको, काल रात्रीपासून आई. डॉक्टर म्हणाले इन्फ्लुएन्झा. दोन खोल्या, एक संडास आणि खोकणारी तीन माणसं. धडधाकट मी एकटाच, त्यामुळे स्वयंपाक, भांडी आणि थर्मामीटर माझ्याकडे.

काल ऑक्सिमीटर शोधायला टीव्हीखालचा खण उपसला. तो सापडला, पण आतले सेल पाझरून हिरवे झालेले. त्याच खणात सॅनिटायझरची अर्धी बाटली, इलॅस्टिक लोंबणारे सात मास्क आणि तळाशी कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी. ती २००९ची, स्वाईन फ्लूच्या वेळची. कापूर कधीच उडून गेलाय, वेलदोड्याला अजून थोडा वास आहे. दोन साथींचं सामान घरात जपून ठेवलंय, पण सवय एकही उरली नाही. परवा चिरंजीव थेट माझ्या तोंडावर शिंकले, "सॉरी बाबा" म्हणाले आणि पुन्हा मोबाईलमध्ये गेले.

म्हणून विचारतोय. साथीत तुम्ही घरात, कामावर, प्रवासात काय पाळलंत? त्यातलं काय फुकट गेलं आणि आजही काय चालू आहे? ऐकीव नको, केलेलं लिहा. औषधांची नावं आणि डोस कृपया नकोत, त्यासाठी डॉक्टर आहेत.

वर्गशिक्षिका

२००९ साली माझी नोकरी नवीन होती. ३ ऑगस्टला पुण्यात एक शाळकरी मुलगी गेली. स्वाईन फ्लूचा देशातला तो पहिला मृत्यू. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग रिकामा, मग शाळांनाच सुट्टी. सिनेमागृहं, मॉल बंद. औषधाच्या दुकानांतले मास्क दोन दिवसांत संपले. मी आईच्या जुन्या सुती साडीचे चौकोन शिवले आणि गाडीवरून जाताना वर स्कार्फ गुंडाळला. आपल्याकडच्या मुली तशाही डोळे सोडून सगळं बांधूनच हिंडतात, त्यामुळे शहरात फार फरक दिसलाच नाही. स्कार्फ धुळीसाठी आणि उन्हासाठी ठीक. पण नाकाच्या दोन्ही बाजूंनी वारा आत येतो हे मला चष्म्यावर वाफ धरायला लागल्यावर कळलं. जिथून वाफ बाहेर जाते, तिथूनच सगळं आत येतं.

वर्गात एक गोष्ट लागू केली ती अजून चालू आहे. हात वीस सेकंद धुवायचे, हे मुलांना सांगून उपयोग नसतो. वीस सेकंद म्हणजे किती? मी त्यांना सतराचा पाढा म्हणत हात धुवायला लावते. शांतपणे म्हटला की बरोबर होतात. घाई करणारा तेराव्या सेकंदापाशी पकडला जातो, कारण तोवर अंगठे आणि नखं राहिलेली असतात. साबणाचा फेस विषाणूवरचं चरबीचं आवरण फोडतो, हे सातवीच्या मुलांना सांगितलं तर फार आवडतं. "मॅडम, म्हणजे तो फुग्यासारखा फुटतो?" असं एकाने विचारलं होतं.

दुसरं सांगायला थोडी लाज वाटते. आमच्याकडे वर्षाच्या शेवटी शंभर टक्के हजेरीचं प्रशस्तिपत्र असायचं. ते मिळवायला मुलं तापात यायची. आई गोळी देऊन पाठवायची, साडेदहाला गोळी उतरली की मूल बाकावर डोकं टेकायचं. त्याच्या शेजारचं मूल तीन दिवसांनी घरी. माझ्या वर्गापुरतं ते प्रशस्तिपत्र मी बंद केलं. पालकसभेत दोन आयांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. त्यातली एक पुढच्या आठवड्यात स्वतःच फोन करून म्हणाली, "आज नाही पाठवत हं, रात्री ताप होता."

तिसरा मजला

फुकट काय गेलं ते मी सांगते. २०२०च्या एप्रिलमध्ये मी टोमॅटो भांडी घासायच्या लिक्विडने धुतले. आठ दिवस आमटीला लिंबाच्या साबणाचा वास. दुधाच्या पिशव्या धुऊन गॅलरीत दोरीवर चिमट्याने वाळत टाकल्या, त्यातली एक कावळ्याने फोडली आणि खालच्या काकूंच्या तुळशीला दुधाचा अभिषेक झाला. सासऱ्यांनी तर पेपरला इस्त्री करायला सुरुवात केली होती. पेपरच बंद झाला तेव्हा इस्त्री सुटली.

आणि हे सगळं करून रोज संध्याकाळी आम्ही सगळे जिन्यात जमून, दारं-खिडक्या बंद, अर्धा तास गप्पा मारायचो. एकमेकांच्या घरात जायचं नाही एवढं मात्र कटाक्षाने पाळलं!

खिडकीवाले काका

जिन्यावरून आठवलं. मी सदाशिव पेठेत राहतो. वाडा पाडून इमारत झाली, त्यात वरच्या मजल्यावरची दोन दारांची जागा मिळाली. वाड्यात चौकामुळे हवा खेळायची, इथे तीन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. सौभाग्यवती आजारी पडल्या तेव्हा मी एक उदबत्ती घेतली आणि घरभर फिरलो. धूर कुठे जातो ते बघायचं, बस. त्यांच्या खोलीतला धूर सरळ वर जाऊन छताखाली घुटमळत होता. पाच मिनिटांनी खोली निळसर झाली. म्हणजे त्यांच्या खोकल्याचंही तेच होत असणार.

मग स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावला. धूर दाराखालून सरपटत हॉलमध्ये आला, म्हणजे माझ्याच अंगावर! तो बंद केला. टेबलफॅन आजारी माणसाच्या खोलीत खिडकीशी ठेवला, तोंड बाहेरच्या बाजूला. खिडकीत पंख्याच्या बाजूने उरलेल्या फटी पुठ्ठ्याने बुजवल्या. हॉलची खिडकी चार बोटं उघडी. पुन्हा उदबत्ती. आता धूर हॉलमधून दाराच्या फटीतून त्यांच्या खोलीत आणि तिथून बाहेर. या प्रयोगाला पाऊण पुडा उदबत्ती आणि एक सकाळ गेली. सौभाग्यवतींना वाटलं मी पूजा करतोय.

अडचण एकच, डास. पावसाळ्यात खिडकी उघडी म्हणजे डेंग्यूला आमंत्रण. जाळी लावली तर वारा निम्मा होतो. तरी जाळी लावा. जाळी धुतली की वारा पुष्कळ सुधारतो. आमच्या जाळीतून पहिल्या धुण्यात जे निघालं त्याचं वर्णन करत नाही.

मला लागण झाली नाही. ती पंख्यामुळे झाली नाही असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

कांदेनवमी

माझा अनुभव फारसा अभिमानाचा नाही. आमच्याकडे दहा वर्षं एक मावशी कामाला आहेत. साथीत मी त्यांना म्हटलं, "मावशी, खोकला असेल तर येऊ नका हं." त्या "बरं ताई" म्हणाल्या. दोन आठवड्यांनी त्या ओट्याशी उभ्या राहून भांडी घासताना पदर तोंडात कोंबून खोकत होत्या. मी चिडले. सांगितलं होतं ना? त्या काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "येऊ नका म्हणालीस, पण खाडा धरणार नाही असं म्हणालीस का?"

नव्हते म्हणाले. माझ्या मनातही आलं नव्हतं. मला तापात पगारी रजा मिळते आणि वर घरून काम. त्या चार घरी करतात. चारही घरांनी एक-एक दिवस कापला तर महिन्याचं गणित बसत नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, पाच दिवस घरी राहा, पैसे कापणार नाही. बाकीच्या तीन घरांशीही बोलले. एक वहिनी म्हणाल्या, "अशी सवय लागते मग." लागू दे की. त्यानंतर मावशी खोकला सुरू झाला की सकाळी सातलाच मिस्ड कॉल देतात.

मास्क, सॅनिटायझर सगळं मिळून जेवढा खर्च केला असेल त्यापेक्षा ते पाच दिवस स्वस्त पडले.

एमएच बारा

रिक्षा चालवतो. २०२०ला मागच्या सीटला आणि माझ्या मधे प्लास्टिक लावलं होतं. उन्हात घामाच्या धारा, पावसात मागचं काही दिसत नाही, आणि गिऱ्हाईक पत्ता सांगायला प्लास्टिक बाजूला करूनच बोलायचं. काढून टाकलं. आता साथ असली की दोन्ही बाजूचे पडदे वर बांधतो. थोडं भिजाल पण वारं राहतं.

डॅशबोर्डच्या खणात मास्क ठेवतो. स्टेशनवरून एक जण बसला, सारखा खोकत होता. म्हटलं, साहेब हा घ्या. तो म्हणाला, मला काय झालंय? उतरून गेला. त्या दिवसापासून मी आधी माझा लावतो आणि म्हणतो, मला जरा सर्दी आहे, तुम्हालापण देऊ का? दहातले आठ घेतात.

दवाखाना

सिंहगड रस्त्यावर पंधरा वर्षं दवाखाना आहे. वरचे अनुभव वाचून थोडं लिहितो.

काका, उदबत्ती उत्तम. आजारी माणसाच्या जवळ मात्र जास्त वेळ धूर नको, दम्याचा रुग्ण असेल तर अजिबात नको.

साथ कोणतीही असो, आधी विचारायचं, ही पसरते कशी? जानेवारी २०२५मध्ये आमच्या भागात, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरीकडे जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते) रुग्ण निघाले. तिथे संशय दूषित पाण्यावर होता. तरी लोक माझ्याकडे दोन-दोन मास्क लावून यायचे आणि जाताना कोपऱ्यावर पाणीपुरी खायचे. खबरदारी घेतली याचं समाधान पूर्ण, उपयोग शून्य. उलट फ्लू आणि कोविडमध्ये लोक हात धुऊन धुऊन सोलवटून घेतात आणि बंद एसीच्या खोलीत वीस जण वाढदिवस करतात.

फ्लूचं म्हणाल तर लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून साधारण पाच ते सात दिवस माणूस तो पसरवू शकतो, लहान मुलं त्याहून जास्त. तापाची गोळी न घेता २४ तास ताप नसेल तर बाहेर पडा, खोकला असेल तर मास्क लावून. घरात एन-९५ वापरायचा असेल तर आजारी माणसाच्या खोलीत जाणाऱ्याने वापरावा. पुढे झडप असलेला मास्क आजारी माणसाला देऊ नका, त्यातून त्याचा श्वास न गाळता बाहेर येतो. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल किमान ६० टक्के हवं. धागाकर्त्यांच्या खणातली ती जुनी बाटली आता टाका.

आईंचं वय किती? पासष्टच्या पुढे असेल, मधुमेह किंवा दमा असेल, तर चार दिवस वाट बघू नका. फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर त्याचा खरा उपयोग. आणि घरातली उरलेली अँटिबायोटिकची पट्टी कृपया काढू नका, विषाणूला तिचं काही सोयरसुतक नसतं.

लस दरवर्षी घ्यावी लागते कारण फ्लूचा विषाणू रूप बदलतो. घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात एक लाट येते आणि हिवाळ्याच्या शेवटी आणखी एक, म्हणून मी पेशंटना पावसाआधी बोलावतो. ते साथ पेपरात छापून आली की येतात.

वाफाळलेली

फक्त एक. वाफ घ्यायचं भांडं मांडीवर, पलंगावर, मुलांच्या जवळ ठेवू नका. माझ्या बहिणीच्या मुलीची मांडी भाजली, दीड महिना ड्रेसिंग. सर्दी चार दिवसांत गेली होती. वाफेने नाक मोकळं वाटतं, विषाणू मरत नाही, हे आम्हाला ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरने सांगितलं.

सूनबाई ०४

सासरे ८१, फुप्फुसं नाजूक. ९ मार्च २०२०ला, होळीच्या दिवशी, राज्यातले पहिले दोन कोविड रुग्ण पुण्यात निघाले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. त्या रात्री मी दारावर कागद चिकटवला: "सर्दी-खोकला असल्यास आत येऊ नये. खालून हाक मारावी, आम्ही गॅलरीत येऊ. चहा उधार." शेवटचे दोन शब्द नवऱ्याचे.

सगळे हसले, आत्या सोडून. त्यांच्या मते भावाच्या दारावर असला कागद म्हणजे त्यांनाच उद्देशून. त्यांना बारमाही खोकला. दोन महिने फोन नाही. एकदा खाली रिक्षा थांबली, आत्या पार्किंगमध्ये उभ्या, तोंडाला पदर. वर बघून ओरडल्या, "दादा, जिवंत आहेस ना?" सासरे गॅलरीतून म्हणाले, "तुझी उधारी फेडल्याशिवाय कुठे जातो?"

कागद चार वेळा बदलला, अजून आहे. कुरिअरवाल्यांना पाठ झालाय.

धागाकर्ता

डॉक्टर, आई बहात्तर, मधुमेह आहे. तुमचं वाचून दुपारीच नेलं, औषध सुरू झालं. बाटली टाकली. टेबलफॅन खिडकीत लावलाय, काका, पुठ्ठ्यासकट. मुलाला सतराचा पाढा येत नाही असं या निमित्ताने कळलं.

एक राहिलं होतं. रविवारी मेहुणीच्या बाळाचं बारसं. मी स्वतः ठणठणीत, बायकोचाही ताप उतरलाय, फक्त खोकला. दोन दिवस आम्ही विचार करत होतो, मास्क लावून अर्धा तास जाऊन यावं का. कांदेनवमी आणि सूनबाईंचं वाचल्यावर मी सासूबाईंना फोन लावला आणि एका दमात सांगितलं की आम्ही येत नाही, बायको खोकतेय, घरात तिघं आजारी.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "बरं केलंत सांगितलंत. कालपासून आम्ही दोघं तेच बोलत होतो, तुम्हाला येऊ नका म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं."

घुगऱ्यांचा डबा दाराशी ठेवायला सांगणार आहेत. डबा परत करायची घाई करू नका म्हणाल्या.