विनोदी सिनेमातली पाण्याची चूक: माफ करायची की नाही?

सुकती
प्रसंग असा धरा. मालवणकडचा विनोदी सिनेमा, जेटीवर मुंबईचा जावई आणि मासेवाली मावशी यांची दोन मिनिटांची घासाघीस. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र दिसणाऱ्या लांबच्या शॉटमध्ये, पाणी वरच्या पायरीला टेकलेलं. क्लोजअपमध्ये मागच्या खांबावरचा कालवांचा पट्टा उघडा. पुन्हा मास्टर, पुन्हा पाणी भरलेलं. विनोदी आहे म्हणून हे चालवून घ्यायचं? माझ्या मते नाही.
असं का होतं, तर मास्टर सकाळी उरकतात आणि क्लोजअप जेवणानंतर. भरती ते ओहोटी सहा तासांहून थोडी जास्त, पण पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा, मधल्या दोन तासांत मिळून निम्मा. फरक २.४ मीटर धरला तर मधल्या दोन तासांत १.२ मीटर पाणी गेलं! कालवं दिसणारच.

कटरदादा
अहो, जेटी बघायला कोण बसलंय? संकलक वॉल्टर मर्च कट निवडताना भावनेला ५१ टक्के वजन देतो, आणि माणसं-वस्तू जागच्या जागी आहेत का याला ४. विनोदात तर टायमिंगच सगळं. मावशी उत्तर देण्याआधी १२ फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद, जावयाकडे नुसती बघते. ते बघणं सातव्या टेकमध्येच जमलं असेल तर मी सातवाच घेणार. पाणी गेलं खड्ड्यात.

सुकती
मग मावशीने मांडलेला माशांचा वाटा पण खड्ड्यात का? गंमतच अशी आहे की जावई जितका भाव पाडतो तितके मावशी वाट्यातले बांगडे काढून घेते. आठ, सात, सहा. पुढच्या शॉटमध्ये परत आठ! इथे चूक विनोदालाच खाते.

कटरदादा
वाट्याचं मान्य. पण ते सेटवर धरायचं. कंटिन्युइटी, म्हणजे शॉटमागून शॉट सगळं जुळतंय ना ते, बघणाऱ्याने प्रत्येक टेकच्या शेवटी वाट्याचा फोटो काढायचा, क्लॅपवरच्या टेक नंबरसकट. संकलनाच्या टेबलावर येईपर्यंत माझ्या हातात कटअवे, म्हणजे चूक झाकायला मध्ये घालायचे दुसरे शॉट, सोडून काही उरत नाही: तराजू, मांजर, जावयाचा चेहरा. तेही कोणी घेतले असतील तर.

खाडीपलीकडे
बांगडे मोजून भागत नाही. दुपारपर्यंत माशाचा डोळा पांढुरका होऊन आत जातो, पाठीची चकाकी उतरते. क्लोजअपसाठी दुसरी खेप बर्फात ठेवायला हवी, ती कोणी ठेवत नाही.
चुका शोधायच्या तर आवाज बंद करून बघा, आणि बोलणाऱ्याकडे नको, ऐकणाऱ्याकडे. पाठमोऱ्या माणसाची बाही, पदर, हातातला सोलकढीचा पेला. आधीच्या शॉटमध्ये अर्धा प्यायलेला पेला कट झाला की भरतो. सावली पण बघा. आणि कोकणच्या किनाऱ्यावर समुद्रातून सूर्य उगवताना दाखवला, तर तो उलटा फिरवलेला सूर्यास्त आहे. आपल्याकडे तो सह्याद्रीवरून येतो.

कटरदादा
मग गणपतीच्या सीनमध्ये सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, गवत पिवळं दिसतं, तेही धराल. भाद्रपदातल्या पावसात आठ दिवस युनिट बसवून ठेवायचा खर्च कोण देणार? शूटिंग फेब्रुवारीतच होणार. त्याला कंटिन्युइटीची चूक म्हणू नका, बजेट म्हणा.

सुकती
गवताचं सोडलं. पाण्याला मात्र बजेट लागत नाही, पंचांग लागतं. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. तृतीयेला सव्वादोन, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. रत्नागिरीच्या खाली आणखी थोडी अलीकडे धरा. भरतीच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक, एवढ्यात मास्टर आणि क्लोजअप दोन्ही घ्या. पाणी वीतभरच हलेल.

कटरदादा
दोन तासांत सात टेक, दोन नट आणि मांजर? मांजरालाच एक तास जाईल.

खाडीपलीकडे
मग अष्टमीला घ्या. भांगाचं पाणी, चढ-उतारच कमी. होडयेवाल्याक म्हायत आसा, डायरेक्टराक नाय.