उसाच्या बिलाला १४ दिवस, मग मदतीच्या पैशाला मुदत का नाही?

रानवारा
ऊस गाळपाला गेला की कारखान्यानं १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, द्यायची, नाही दिली तर १५ टक्के व्याज. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे हे. कारखाने किती पाळतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण निदान साखर आयुक्तालयाच्या दारात ठिय्या मारता येतो. रोहयोच्या मजुरीलाही १५ दिवसांची मुदत आहे. सरकार स्वतः शेतकऱ्याला जे देतं, त्याचं काय? अतिवृष्टीचं अनुदान कधी पडणार विचारलं की उत्तर एकच, ‘येईल की’.

पीएम किसानचंच बघा. एप्रिल-जुलैचा हप्ता २०२४ मध्ये १८ जूनला आला, २०२५ मध्ये २ ऑगस्टला. जूनमधल्या २००० रुपयांचा सोयाबीनच्या बियाण्याला हातभार लागतो. ऑगस्टपर्यंत तेच बियाणं दुकानदाराच्या वहीवर चढलेलं असतं, आणि उधारीचा भाव रोखीचा नसतो. रक्कम वाढवू नका हवं तर. तारीख बांधून द्या, चुकली तर व्याज द्या.

जुना सातबारा
व्याजाच्या मागणीला टाळ्या मिळतील, पण तुलना चुकली. उसाचं बिल म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, ते तुमचं घेणं. अनुदान घेणं नाही.

महसुलात नोकरी केली म्हणून सांगतो, उशीर नेमका कुठे होतो. तलाठ्याकडे एकाहून जास्त गावं. पाऊस उघडला की त्यानं, कृषी सहायकानं आणि ग्रामसेवकानं चिखल तुडवत बांधावर जायचं, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे का ते ठरवायचं. मग याद्या. त्यात जमिनीची निम्मी खाती सामाईक. सातबाऱ्यावर तीन भाऊ, दोन बहिणी, एक भाऊ पुण्यात, आजोबांच्या नावाची वारसनोंद अजून झालेली नाही. पैसे कोणाच्या खात्यात टाकायचे? संमतीपत्र आणा म्हटलं की भाऊबंदकी उकरून निघते. आणि घाईत वाटप केलं की काय होतं ते जालन्यात दिसलं, बोगस नावं घुसली आणि तलाठी निलंबित झाले. तारखेचा धाक घातलात की असली प्रकरणं वाढतील.

काळी माती
साहेब, बांधावरचं पटलं. पण यादी लागल्यावर काय होतं ते पण बघा. आमच्याकडं ग्रामपंचायतीच्या भिंतीला यादी लागते, नावापुढं व्हीके नंबर, म्हणजे विशिष्ट क्रमांक. तो घेऊन सेवा केंद्रावर ई-केवायसीला, म्हणजे अंगठा लावून ओळख पटवायला जायचं. कापूस वेचून आईच्या बोटावरच्या रेषा झिजल्यात, अंगठा उमटतच नाही. केंद्रवाला पोरगा म्हणतो, काकू, ओल्या फडक्यानं पुसा. पुसलं, तरी मशीन लाल. दुसरं बोट, तिसरं बोट, मग सर्व्हर डाऊन. शेवटी झालं एकदाचं, तर पैसे भलत्याच बँकेत. आधार ज्या खात्याला शेवटी जोडलं तिथं जातात म्हणे. त्या खात्याला पीककर्जाचा होल्ड! कलेक्टर दरवर्षी बँकांना बजावतात की अनुदान कर्जात वळवू नका. शाखेत कोण ऐकतंय.

यात पाऊस कुठं आला आणि भाऊबंदकी कुठं आली?

हिशेबी
भर घालतो. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं, ‘दिवाळीआधी’ म्हणून. काहींना मिळालं, बरेच जण दिवाळीनंतरही बँकेत चकरा मारत होते. पण तेव्हा एक चांगलं झालं. अ‍ॅग्रीस्टॅक म्हणजे शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीचा शेतकरी क्रमांक असणाऱ्यांना ई-केवायसीतून सूट दिली. म्हणजे मनात आलं की ती अट काढता येते. मग दरवेळी बोटं का पुसायला लावायची?

दुसरं, समारंभ. पीएम किसानचा फेब्रुवारी २०२४ चा हप्ता यवतमाळहून सुटला, ऑक्टोबरचा वाशिमहून. पैसा खात्यात टाकायला मंडप कशाला लागतो?

जुना सातबारा
मंडपाला माझाही विरोध. तरी आतली गंमत सांगतो, कार्यक्रमाची तारीख आली की जिल्ह्यातून रोज फोन येतात, आणि महिनोन्‌महिने पडलेली आधारजोडणी आठ दिवसांत उरकते.

रानवारा
सातबारा दादा, हे तर माझंच म्हणणं झालं. तारखेचा धाक मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी चालतो, पेरणीसाठी का नाही? त्या पॅकेजात रब्बीच्या बियाण्याला हेक्टरी १०,००० होते. हरभऱ्याची पेरणी आटपल्यावर ते आले तर त्याचं बियाणं थोडंच होतं?

व्याजाचंही तसंच. पीक विम्याचा दावा कंपनीनं उशिरा दिला तर १२ टक्के दंड हा केंद्राचाच नियम. दुसऱ्याला लावता तो नियम स्वतःला का नाही?

जुना सातबारा
विम्याला हप्ता भरलेला असतो, तो करार आहे.

हिशेबी
मधे १ रुपयात विमा होता. करार तेवढ्यालाही होतो, साहेब.

जुना सातबारा
बरं, मुदत मान्य करतो, व्याज नाही. तेही घड्याळ यादी पोर्टलवर चढल्यापासून चालू झालं पाहिजे. त्याआधीच्या उशिराला तलाठ्याला धरू नका.

काळी माती
मग यादी चढणारच नाही, सहा महिने तालुक्याला पडून राहील. घड्याळ पंचनाम्याच्या सहीपासून लावा. आणि सही झाली की त्याची एक प्रत तिथंच बांधावर हातात द्या. आजवर आमच्या गावात ती कुणाला मिळालेली नाही.