काकांच्या जुन्या गिटारी लोकांच्या हातात द्याव्यात का?

बाळीवेसकर
नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे. आमचे थोरले काका सोलापुरात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे, लग्नं म्हणू नका, गणपती म्हणू नका, गावात त्यांना सगळे ओळखायचे. गेल्या वर्षी गेले. परवा माळा साफ करायला काढला तर तीन गिटारी निघाल्या, एक हवाईयन, एक एफ होलवाली हॉलो बॉडी (आतनं पोकळ, वर f आकाराची भोकं) आणि एक साधी गिव्हसन (देशी कंपनीची), तिन्ही चादरीत गुंडाळलेल्या (सोलापूर म्हणल्यावर आणि कशात गुंडाळणार). हवाईयनच्या पेटीत स्टीलचा रॉड, बोटात घालायच्या नख्या आणि "उद्या 7 ला हजर" एवढंच लिहिलेला चिठोरा. कुठला उद्या, देव जाणे.
आता मंडळाची पोरं म्हणतायत दोन दिवस हॉलमध्ये मांडू, लोकांना हातात घेऊन वाजवू देऊ. माझा भाचा अमेरिकेत फिनिक्सला असतो, तिथल्या वाद्यांच्या म्युझियममध्ये मोठ्या कलाकारांच्या गिटारी लांबनं बघायच्या पण एक खोली अशी आहे म्हणे की पाहिजे ते वाद्य उचला आणि वाजवा. त्यावरनं पोरांच्या डोक्यात घुसलंय. काकू म्हणतात काचेत कशाला ठेवायचं, हार घातलेला फोटो आहे का तो? मला मात्र धाकधूक वाटतीय. काय करू?

तारसप्तक
भाच्यानं अर्धंच सांगितलं. त्या खोलीत जी वाद्यं असतात ती लोकांनी बडवायला म्हणूनच ठेवलेली असतात, कलाकारांची खरी वाद्यं वेगळीकडं. तुम्हीपण तेच करा, गिव्हसन लोकांना द्या, बाकी दोन तुमच्या माणसाच्या हातात राहू देत.
हवाईयनचं तर मुद्दाम सांगतो. त्याचा नट (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) उंच असतो, तारा फळीपासनं इतक्या वर की बोटानं दाबताच येत नाहीत, मांडीवर आडवी घेऊन रॉड फिरवायचा असतो. येणारं प्रत्येक पोरगं ती उभी धरणार, दात ओठ खाऊन तारा दाबणार आणि "खराब आहे ही" म्हणून ठेवून देणार. शेजारी कुणीतरी वाजवून दाखवणारा बसवा.
आणि दारात सॅनिटायझर ठेवू नका. जुनं पॉलिश चपड्याचं (लाखेचं) असेल तर सॅनिटायझरमधल्या स्पिरिटनं विरघळतं, ओल्या हाताचा ठसा कायमचा बसतो. पाण्यानं हात धुवा, पुसा, अंगठ्या, कडी, घड्याळ काढा, पट्ट्याच्या बक्कलवर रुमाल बांधा. रबरी फोमच्या स्टँडवरपण महिनोन् महिने ठेवू नका, जुन्या लॅकरला रबर चिकटतं.

हॉटगी_नाका
का बे, तिकीट किती ठेवलाय? 😄

मिरजेचा_जावई
मे महिन्यात करत असाल तर थांबा. सोलापूरचं कोरडं ऊन म्हणजे लाकडाचा काळ. फळी आटते पण तिच्यावरची आडवी फ्रेटची पट्टी धातूची, ती काय आटत नाही, मग तिची टोकं बाहेर येतात. मानेच्या कडेनं अंगठा फिरवून बघा, करवतीसारखं टोचलं तर समजा सुकलीय. गिटारीला 45 ते 55 टक्के दमटपणा मानवतो. आणि हॉलला नेताना बंद गाडीत उन्हात ठेवून चहाला जाऊ नका, जुना सरस गरम झाला की ब्रिज (पोटावर तारा अडकवतात ती पट्टी) सुटतो. माझ्या एका गिटारीचा असाच सुटला, मग एका दुकानात दिली तर त्यानं जोडला खरा पण वरनं फर्निचरचं चकचकीत पॉलिश मारून दिलं. आवाज गेला तो गेलाच. म्हणून सांगतो, प्रदर्शनाआधी "जरा चमकवून" आणू नका. धूळ कोरड्या मऊ फडक्यानं, बस.
सासुरवाडीमुळं अजून एक. मिरजेच्या सतार तंबोऱ्याला 2024 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण त्याचा भोपळा येतो आपल्या पंढरपूर मंगळवेढ्याकडनं. एक तंबोरा शेजारी मांडा की, सोलापूरचं नाव लागेल.

जुना_बेसवाला
हे सगळे घाबरवतायत तुम्हाला. आयरिश गिटारवाला रोरी गॅलाघर, त्याची 1961 ची स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटार बघा, घामानं रंग पार उडालेला, आत नुसतं लाकूड, आणि लोक तेच बघायला मरतात. अमेरिकन गायक विली नेल्सनच्या मार्टिन गिटारीला तर वाजवून वाजवून भोक पडलंय आणि तो तीच वाजवतो. बीटल्सवाल्या मॅकार्टनीचा हॉफनर बेस गिटार 1972 ला चोरीला गेला, 50 वर्षांनी सापडला तोपण एका घराच्या माळ्यावर! तुमच्या काकांच्याच लाइनीतला म्हणायचा.

तारसप्तक
@जुना_बेसवाला अहो पण ते भोक त्याच्याच हातानं पडलंय ना. दोन दिवसात दोनशे जणांनी पाडलेल्या भोकाला काय किंमत?

जुना_बेसवाला
बरं, हे मान्य. मग निदान तारा तरी नीट लावा. दहा नंबरच्या सेटला (नंबर म्हणजे तारांची जाडी) सहा तारा मिळून पंचेचाळीसेक किलोचा ओढा असतो, इतकी वर्षं ढिली पडलेली मान एकदम ताणू नका. नऊचा सेट घ्या, एक सूर खाली लावा, रात्रभर ठेवा, मान वाकतीय का बघा आणि मगच वर.

बाळीवेसकर
सगळ्यांचे आभार. मे रद्द, पोरांना गणपतीपर्यंत थांबा म्हणलंय, कुरकुर चाललीय. काल नुसती हॉलो बॉडी बाहेर काढली तर मागच्या बाजूला पोटाशी लागतं तिथं रंग उडून गोल डाग पडलेला दिसला, वाटीएवढा. मी दुकानात विचारणार होतो याचं काय करता येईल, तेवढ्यात काकूंनी हात फिरवला आणि म्हणल्या ह्याला हात लावू नकोस, हे त्यांचंय. तर ती कोणालाच द्यायची नाही, मांडायची पण पाठ वर करून. गिव्हसन सगळ्यांना. हवाईयनला वाजवणारा शोधतोय, सोलापुरात कोणी असेल तर इथंच सांगा.
@हॉटगी_नाका तिकीट नाही बे, पण अंगठ्या काढून ये.