मदत हवी आहे: ‘योल’चा दिग्दर्शक कोण म्हणायचा?

मंडळी, आमच्या छोट्याशा फिल्म क्लबात पुढच्या महिन्यात ‘योल’ हा तुर्की चित्रपट दाखवतोय. ओळख करून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय आणि पहिल्याच ओळीत गाडी अडलीय. तुर्की दिग्दर्शक यिल्माझ गुनेनं तुरुंगात बसून पटकथा बारीकसारीक तपशिलांसह लिहिली, चित्रीकरण केलं शेरीफ ग्योरेननं. मग 1981 मध्ये गुने रजेवर सुटला तो परतलाच नाही, थेट देशाबाहेर. संकलन स्वित्झर्लंडमध्ये आणि 1982 साली कान महोत्सवात पाम द’ओर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार! (तोही ‘मिसिंग’ या चित्रपटासोबत वाटून.) तुर्कस्तानात मात्र चित्रपटावर 1999 पर्यंत बंदी.

पोस्टरवर नाव कुणाचं टाकू? बर्फात गारठलेल्या बायकोला झोप लागू नये म्हणून नवरा तिला पट्ट्यानं मारतो, तो प्रसंग आठवला की मला तरी ग्योरेनला वगळणं अन्यायाचं वाटतं.

दुसरं, गुनेनं फ्रान्समध्ये केलेला ‘दुवार’ (1983) कुणी पाहिलाय का? त्याच्या पुढच्याच वर्षी, 1984 मध्ये, पॅरिसमध्ये तो वारला. तुर्कस्तान सुटल्यावर त्याच्या कामात काय बदललं, यावर दोन मिनिटं बोलायचंय. इंग्रजी सबटायटल्सची बरी प्रत कुठे मिळेल तेही सांगा.